दशावतारी कंपनीचे प्रदर्शन मांडताना

कुडाळ तालुक्यातील एका सार्वजनिक वाचनालयाच्या कार्यकारिणीने विचारले आहे की, गावात तीन-चार पिढ्या चालत आलेल्या दशावतारी कंपनीचा (जत्रांत रात्रभर पौराणिक कथांचे लोकनाट्य करणाऱ्या मंडळीचा) इतिहास आणि तिची रंगकला दाखवणारे प्रदर्शन शाळेच्या सभागृहात कसे भरवावे. हाताशी दोन जुने पेटारे, काही मुकुट व दागिने, नऊवारी लुगडी आणि शेले, एक पायपेटी (पायाने भाता चालवायची बाजाची पेटी), छायाचित्रे आणि जत्रांची हँडबिले आहेत. एका सदस्याने २०१७ साली लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममधील ऑपेराविषयक प्रदर्शन पाहिले असून, तशाच पद्धतीने कानाला हेडफोन लावून फिरण्याची सोय असावी, असा त्यांचा आग्रह आहे. उद्घाटन गणेशचतुर्थीला, चाकरमानी गावी आलेले असताना व्हावे, असे बहुतेकांचे मत आहे. नाट्यवस्तूंचे जतन आणि मांडणी हे काम मी पंचवीसहून अधिक वर्षे करीत आलो आहे. त्या अनुभवावरून उत्तर देतो. त्यातील काही भाग कार्यकारिणीला गैरसोयीचा वाटेल, याची मला कल्पना आहे.

आधी लंडनच्या नमुन्याविषयी. त्या प्रदर्शनाने ऑपेराचा सुमारे चारशे वर्षांचा पसारा सात शहरे आणि सात ऑपेरा यांत बसवला होता. सुरुवात १६४२ च्या व्हेनिसपासून होती आणि शेवट १९३४ च्या लेनिनग्राडमध्ये होता. प्रेक्षक एका दालनातून दुसऱ्या दालनात गेला की हेडफोनमधले संगीत आपोआप बदलत असे. लंडनच्या १७११ च्या प्रयोगासाठी त्या काळच्या यंत्ररचनेप्रमाणे लाकडी लाटा हलवून दाखवणारा रंगमंच उभारला होता. यातील दोन गोष्टी अवश्य घ्याव्यात. पहिली, सगळा इतिहास सांगण्याचा हव्यास न धरता एक ठिकाण आणि एक प्रयोग धरून बोलणे. दुसरी, वस्तू कशी दिसते यापेक्षा ती कशी चालते हे दाखवणे. हेडफोन मात्र घेऊ नयेत. त्याचे कारण पुढे येईल.

ऑपेरा कंपनीजवळ दाखवण्यासारखे लिखित साहित्य अमाप असते. संगीतकाराच्या हस्ताक्षरातील स्वरलेखन, नेपथ्याच्या लहान प्रतिकृती, वेशभूषेची रेखाटने यांवर मिलानच्या ला स्काला नाट्यगृहाला लागून असलेले संग्रहालय १९१३ पासून उभे आहे. आपल्याकडच्या संगीत नाटक मंडळ्यांचेही पुष्कळसे असेच आहे. किर्लोस्कर मंडळीने १८८० साली शाकुंतल रंगभूमीवर आणले, त्या नाटकाची संहिता आणि पदे आजही वाचता येतात. ललितकलादर्शचे रंगवलेले पडदे, गंधर्व मंडळीचे भरजरी शालू यांच्या आठवणी छापून आलेल्या आहेत. दशावतारी कंपनीजवळ यातले जवळजवळ काहीच नसते. संहिता नसते, कारण आख्यान, म्हणजे रात्रीची मुख्य पौराणिक कथा, कोणते लावायचे हे पुष्कळदा त्याच संध्याकाळी ठरते, आणि संवाद नट जागच्या जागी बोलतो. नेपथ्य नसते, कारण एका बाकावर सगळे भागते. अशा कंपनीच्या वस्तू काचेत ओळीने मांडल्या तर पाहणाऱ्याला कापडाच्या दुकानात आल्यासारखे वाटेल, आणि ज्याने आयुष्यभर जत्रेत बसून दशावतार पाहिला आहे तो म्हातारा पाच मिनिटांत बाहेर पडेल. म्हणून माझे सांगणे असे की, आपण वस्तूंचे प्रदर्शन भरवू नये. एका जत्रेची एक रात्र मांडावी, आणि त्या रात्रीत जिथे जी वस्तू लागते तिथेच ती ठेवावी.

सभागृहाच्या एका दारातून आत आल्यावर पहिली दिसावी ती पेटाऱ्याची जागा. पूर्वी कंपनी गावोगाव पायी जात असे आणि पेटारे डोक्यावरून नेले जात. ‘रात्री राजा, सकाळी डोक्यार बोजा’ ही आपल्याकडची म्हण दशावतारी नटाविषयीच आहे, आणि आपल्या प्रदर्शनाचा आरंभ व शेवट या दोन टोकांवर ती आपोआप बसते. दोन पेटाऱ्यांपैकी एक बंद, दोरीने आवळलेला आणि चुंबळीसह ठेवावा. दुसरा उघडा ठेवावा, पण त्यातले सामान नटाने ज्या क्रमाने भरले होते त्याच क्रमाने असावे. हा क्रम कोणालाही विचारून लावू नये. कंपनीतल्या सर्वांत वयस्क नटाकडून प्रत्यक्ष पेटारा भरून घ्यावा आणि भरताना प्रत्येक थराचे छायाचित्र काढावे. मुकुट कशात गुंडाळला, लाकडी तलवार कोणत्या कडेला गेली, आरसा कुठे ठेवला म्हणजे फुटत नाही, या गोष्टींत रंगकलेचे जेवढे ज्ञान आहे तेवढे कोणत्याही माहितीफलकात मावणार नाही.

त्यानंतर रंगपट, म्हणजे नट तयार होतात ती जागा. येथे एक चटई, एक आरसा, पेटाऱ्याचे उलटे झाकण आणि रंगाच्या वाट्या एवढेच असावे, कारण दशावतारी नट आपले तोंड आपणच रंगवतो. रंगांविषयी मात्र सावधगिरीने सांगतो. जुन्या रंगपेटीत सफेदा, पिवडी, हिंगूळ, काजळ असे पदार्थ सापडतात. हिंगूळ म्हणजे पाऱ्याचे संयुग. जुन्या सफेद्यात शिसे असू शकते. पिवळा रंग हरताळाचा असेल तर त्यात आर्सेनिक असते. म्हणून जुन्या वाट्या हातमोजे घालूनच हाताळाव्यात, बंद काचेत ठेवाव्यात आणि मुलांनी हात लावण्यासाठी आज बाजारात मिळणारे निर्धोक रंग वेगळे ठेवावेत. जुना रंग ‘जरा लावून पाहू’ असे म्हणणारा एक तरी उत्साही कार्यकर्ता प्रत्येक प्रदर्शनात भेटतो. त्याला आधीच दुसरे काम द्यावे.

रंगभूषा दाखवताना प्रकाशाचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा ठरतो, आणि नेमका तोच बहुधा दुर्लक्षित राहतो. नटाने चेहऱ्यावर पांढऱ्याचा एवढा जाड थर का दिला, भुवया एवढ्या रुंद का काढल्या, मुकुटाला बेगड आणि आरशाचे तुकडे का लावले, याचे उत्तर मशालीच्या प्रकाशात आहे. हलत्या, तांबूस, खालून किंवा बाजूने येणाऱ्या मंद उजेडात दूर बसलेल्या माणसाला डोळे आणि ओठ दिसायचे तर चेहऱ्यावरचा विरोध तीव्र हवा, आणि ज्योत हलली की चमकावा म्हणून बेगड हवा. पुढे गॅसबत्ती आली, तिचा उजेड पांढरा आणि स्थिर, तेव्हा रंग थोडे सौम्य झाले; आता एलईडीच्या झोतात तोच जुना रंग निळसर, मृतवत दिसतो आणि नवी मुले बाजारातले तयार रंग वापरतात. हे शब्दांत लिहून कोणी वाचणार नाही. एकाच रंगवलेल्या मुखवट्यासमोर किंवा पुतळ्यासमोर तीन दिवे बसवावेत, मशालीसारखा तांबूस, गॅसबत्तीसारखा आणि आजचा एलईडी, आणि पाहणाऱ्याला बटण दाबून ते बदलू द्यावेत. खर्च दोन-तीन हजार रुपयांपलीकडे जाऊ नये. लंडनच्या हलत्या लाकडी लाटांचे आपल्या आवाक्यातले रूप हेच आहे, असे मला वाटते.

सभागृहाचा मध्य बाकासाठी मोकळा ठेवावा. एवढी मोठी जागा एका साध्या लाकडी बाकाला देणे कार्यकारिणीला जड जाईल, पण येथे माघार घेऊ नये. हाच बाक राजाचे सिंहासन होतो, रथ होतो, कैलास होतो, शेज होतो, आणि हे सर्व नटाच्या बसण्यावर, चढण्यावर आणि त्याला वळसा घालण्यावर अवलंबून असते. बाकाभोवती कोणतीही वस्तू नसावी. चार बाजूंना चार मोठी छायाचित्रे असावीत, प्रत्येकात तोच बाक वेगळ्या रूपात. आणि लोकांना त्यावर बसू द्यावे. बाक जुना असेल तर त्याच मापाचा नवा करून घ्यावा. गावात सुतार असतोच. दिवसातून एकदा कंपनीतल्या एखाद्या नटाने येऊन फक्त दहा मिनिटे, वेश न करता, साध्या लेंगा-सदऱ्यात तो बाक ‘चालवून’ दाखवला, तर त्या दहा मिनिटांसाठी लोक पुन्हा येतील.

आडदशावतारासाठी, म्हणजे मुख्य आख्यानाआधीच्या पूर्वरंगासाठी, एक कोपरा पुरेसा आहे. गणपती, रिद्धी-सिद्धी, सरस्वती, ब्रह्मदेव आणि वेद पळवणारा, काळ्या वेशातला संकासुर हा क्रम आपल्या भागातील प्रत्येकाला पाठ आहे. बाहेरगावच्या पाहुण्यासाठी तो एका फलकावर लिहावा. हल्ली हा पूर्वरंग आटोपता घेतला जातो, तेव्हा जुन्या नटांकडून तो पूर्ण लांबीत करवून घेऊन त्याचे चित्रीकरण करणे हे या प्रदर्शनाच्या निमित्ताने होऊ शकणारे सर्वांत टिकाऊ काम ठरेल.

आता आवाज. हेडफोन नको म्हणतो त्याचे कारण असे की, ऑपेरा ऐकताना प्रेक्षकाने गप्प बसावे अशी अपेक्षा असते, तर दशावतारात संकासुराच्या बोलण्याला समोरून उत्तर येते, लहान मूल रडते, खाजे आणि भजी विकणारा ओरडतो, आणि नट त्या सगळ्याला आपल्या बोलण्यात ओढून घेतो. कान बंद केलेला एकटा माणूस हे ऐकूच शकत नाही. त्यापेक्षा पायपेटी, पखवाज आणि झांज यांचे ध्वनिमुद्रण सभागृहाच्या एका टोकाला मंद आवाजात सतत चालू ठेवावे आणि आख्यानातील एक लढाई पूर्ण ऐकवावी. ध्वनिमुद्रण स्टुडिओत करू नये. देवळासमोर, प्रेक्षकांसह करावे. जुन्या तबकड्या कोणी आणून दिल्या तर एक पथ्य पाळावे. ७८ फेऱ्यांची तबकडी लाखेची असते, तेव्हा ती स्पिरिटने पुसू नये, कारण लाख स्पिरिटमध्ये विरघळते. आणि ती आडवी रचून न ठेवता उभी ठेवावी. अशा तबकडीच्या एका बाजूस सुमारे तीन मिनिटे मावत, म्हणून रंगमंचावर वन्समोअर घेत रंगत जाणारे पद तिच्यात आखडून बसलेले असते. ‘जुने लोक असे गात’ असे तिच्यावरून लिहू नये.

आता तारखेचा प्रश्न, ज्याबाबत माझे मत बहुमताच्या विरुद्ध आहे. त्रिपुरी पौर्णिमेच्या सुमारास जत्रा सुरू झाल्या की वैशाखापर्यंत कंपनीचे सामान रस्त्यावर असते. ते मिळते फक्त मधल्या काळात, आणि त्यातला बहुतेक काळ पावसाळ्याचा असतो. आणि कोकणातला पावसाळा हा जुने कापड बाहेर काढण्यास वर्षातील सर्वांत वाईट काळ असतो. हवेतील आर्द्रता ८५-९० टक्क्यांवर असते, आणि ६५-७० टक्क्यांच्या वर बंद, न हलणाऱ्या हवेत बुरशी धरते. हे मी स्वतःच्या चुकीतून शिकलो. सुमारे पंधरा वर्षांपूर्वी कोकणातल्याच एका गावी ऐन श्रावणात आम्ही प्लायवूडच्या नव्या, ताज्या रंगवलेल्या पेट्यांत मुकुट आणि जरीचे शेले ठेवले, वरून काच घट्ट बसवली आणि आत सिलिका जेलच्या पुड्या टाकून निश्चिंत झालो. पुड्या तीन दिवसांत भिजून निकामी झाल्या. बाराव्या दिवशी शेल्याच्या घडीत पांढरी बुरशी दिसली, आणि ओल्या रंगाच्या व प्लायवूडच्या वाफांनी जरीच्या तारा काळवंडल्या. शेल्याच्या मालकीणबाई काही बोलल्या नाहीत, ते अधिक लागले.

तेव्हा चतुर्थीला उद्घाटन जरूर करावे, कारण चाकरमान्यांशिवाय या प्रदर्शनाला प्रेक्षकही नाही आणि देणगीही नाही. पण त्या वेळी फक्त छायाचित्रांच्या छापील प्रती, बाक, दिव्यांचा प्रयोग, ध्वनी आणि नवे बनवलेले नमुने मांडावेत. मूळ कापड, मुकुट आणि पेटारे दसऱ्यानंतर, पाऊस पूर्ण गेल्यावर आणावेत आणि दिवाळीच्या सुट्टीपर्यंत, म्हणजे साधारण तीन आठवडे ठेवावेत. पेट्या केल्याच तर त्यांना रंग किमान महिनाभर आधी द्यावा आणि खालून-वरून जाळीचे झरोके ठेवून हवा खेळती ठेवावी. कोकणात घट्ट पेटीपेक्षा चालता पंखा अधिक कामाचा, हे संग्रहालयशास्त्राच्या पुस्तकी सल्ल्याशी विसंगत वाटले तरी वातानुकूलन नसलेल्या सभागृहात खरे आहे.

कापडावर ५० लक्सपेक्षा (लक्स हे उजेड मोजण्याचे एकक) अधिक उजेड नसावा. शाळेच्या वर्गातील उजेड याच्या कितीतरी पट असतो, म्हणून खिडक्यांना आणि कौलांतील काचेला जाड मांजरपाट लावावे. मोबाइलवरील लक्स मोजण्याचे साधन अंदाजासाठी पुरते. लुगडी धुऊ नयेत, इस्त्री करू नयेत, आणि काखेतले घामाचे किंवा गळ्याशी लागलेले रंगाचे डाग तर मुळीच काढू नयेत. लुगडे नेसून पुरुष रात्रभर नाचला, हे सांगणारा पुरावा तोच आहे. काळवंडलेली जरीची तार चिंचेने वा टूथपेस्टने उजळवण्याचा मोह टाळावा, कारण मुलामा पुष्कळदा चांदीचा आणि पातळ असतो, आणि दुसऱ्यांदा घासला की खालचे तांबे दिसते. डांबराच्या गोळ्या कापडाला लागू देऊ नयेत. कडुनिंबाच्या पाल्यावर आपल्याकडे फार श्रद्धा आहे, पण वाळलेल्या पाल्याला पुढे स्वतःलाच कीड लागते.

कसर (कापड खाणारी कीड) लागलेल्या कापडासाठी आपल्या किनाऱ्यावर एक सोय आहे, जी पुण्या-मुंबईच्या संस्थांना सहज मिळत नाही. मासळीच्या शीतगृहात उणे २० अंशांच्या आसपास दोन आठवडे ठेवल्यास कसर आणि तिची अंडी मरतात. कापड दोन जाड प्लास्टिक पिशव्यांत, हवा काढून, टेपने बंद करून न्यावे. आणल्यावर पिशवी पूर्ण एक दिवस उघडू नये, नाहीतर थंड कापडावर दव धरते. दुसरी पिशवी बांगडा मासळीच्या वासासाठी आहे. ती विसरणाऱ्यांना नंतर आठवते. मुकुट, मुखवटे आणि रंगवलेली कोणतीही वस्तू मात्र शीतगृहात नेऊ नये, कारण थंडीने लाकूड आणि रंगाचा थर वेगवेगळे आकसतात आणि रंगाला तडे जातात. छायाचित्रे आणि हँडबिले यांना लॅमिनेशन करू नये, हे मोठ्या अक्षरांत लिहून वाचनालयात लावावे. ती ६०० डीपीआयवर स्कॅन करावीत, प्रती मांडाव्यात आणि मूळ प्रती घरोघरी परत द्याव्यात.

गणपतीचा मुखवटा आणि पेटारा या केवळ प्रदर्शनवस्तू नाहीत, हे विसरू नये. पेटाऱ्याची पूजा होते, मुखवटा देव आहे. मुखवटा वापरात असेल तर तो मांडू नये; पिंगुळीच्या ठाकर कलावंतांपैकी किंवा सावंतवाडीच्या लाकडी कामाच्या कारागिरांपैकी एखाद्याकडून दुसरा करवून घ्यावा आणि तसे फलकावर स्पष्ट लिहावे. जुना, निवृत्त मुखवटा मिळालाच तर तो कमरेच्या वर, पूर्वेकडे तोंड करून, वेगळ्या चौरंगावर असावा, आणि त्याबाबत कंपनीच्या नाईकाचा, गावच्या मानकऱ्यांचा आणि गावची रीत असेल तर देवाचा कौलही आधी घ्यावा. फीत कापण्याऐवजी गाऱ्हाणे, म्हणजे देवाला सर्वांच्या वतीने विनवणी, घालून उद्घाटन केल्यास कोणाला विचित्र वाटणार नाही. फलकांवर नाटकातल्या पात्राच्या आधी नटाचे नाव असावे, आणि स्त्रीपात्र करणाऱ्या नटांची नावे तर आग्रहाने, कारण हँडबिलांत ती पुष्कळदा गाळलेली असतात. त्यासाठी घरच्यांची संमती लेखी घ्यावी.

इतिहासाच्या फलकात मोह आवरावा. ‘आठशे वर्षांची परंपरा’ असे लिहिण्याची सवय आपल्याला लागली आहे, ती सोडावी. आडिवऱ्याच्या श्यामजी नाईक काळे यांनी दशावतार कोकणात रुजवला, अशी परंपरागत समजूत आहे. ती ‘समजूत’ हा शब्द वापरूनच लिहावी. कर्नाटकाच्या किनाऱ्यावरील यक्षगानाशी असलेले साम्य दाखवावे, आणि विष्णुदास भावे यांनी १८४३ साली सांगलीत सीतास्वयंवर केले तेही त्याच किनाऱ्यावरील भागवत मंडळींचे खेळ पाहून, एवढे सांगितले तरी पाहणाऱ्याला आपल्या गावच्या बाकाचे नाते संगीत नाटकाशी कुठे जुळते ते कळेल. बाकीची जागा गावच्या कंपनीला द्यावी: ती कोणकोणत्या जत्रांना जात असे, किती बिदागी मिळे, कोणत्या होडीने कोणती खाडी ओलांडे. हे हँडबिलांवरून आणि जमाखर्चाच्या वह्यांवरून काढता येते, आणि असे तपशील दुसऱ्या कोणत्याही संग्रहालयात मिळणार नाहीत.

बाहेर पडण्याच्या दाराशी, खेळाच्या शेवटी फोडतात ती दहीकाल्याची हंडी आणि पुन्हा तो बंद पेटारा असावा. प्रदर्शन संपल्यावर प्रत्येक वस्तू घेतानाच्या छायाचित्राशी ताडून, मालकाच्या सहीने परत करावी, आणि हे काम पहिल्या जत्रेच्या किमान आठ दिवस आधी पुरे व्हावे, कारण नटांना पेटारा पुन्हा आपल्या क्रमाने भरायला तेवढा वेळ लागतो.